फणसाच्या पेटीतले टोके

कुळथात टोके निघाले म्हणून मी दुकानदाराशी दोनदा भांडलो. मग आमच्या शेतातले कुळीथ धान्याच्या त्याच पेटीत भरले, तर त्यातही किडे. बायको म्हणाली, "टोके कुळथात नाय, तुमच्या पेटयेत आसत." ती फणसाच्या लाकडाची पेटी मी लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हाताने केली होती.

"माझ्या पेटयेक नावा ठेव नको गो!" असे ओरडून मी सुरी पेटीच्या सांध्यात खुपसली. आतून किड्यांची धारच लागली.

माझे डोके फिरले. पेटी अंगणात ओढली आणि कुऱ्हाडीचे घाव घातले. फळ्या फुटल्या तसे किडे चिऱ्यांवर पळत सुटले. टाचेने चिरडले, उरल्यांवर उकळते पाणी ओतले. हात सोलवटून रक्त आले तरी थांबलो नाही. अर्धमेले कोंबड्यांनी टिपले.

बायकोने फळ्या उचलून न्हाणीच्या चुलीत सारल्या. सांजेला मी आंघोळीला बसलो, तशी ती बाहेरून म्हणाली, "पेटी बरी जळता हां तुमची. पाणी कडकडीत तापला."

मी तांब्या आपटला. पण पाणी खरेच चांगले तापले होते.