दोघा भावांचा एक बिल्ला

तारापूरकडे मोठे बांधकाम सुरू झाले तेव्हा मी बोईसरला भाताच्या गिरणीत हिशेब लिहीत असे. आमच्या घरी सुकी मासळी देणाऱ्या कोळीणबाईंचा थोरला मुलगा तिथे खडी फोडायच्या यंत्रावर लागला होता. त्याच्या नावाचा पितळी बिल्ला गळ्यात असला तरच आत सोडत. पण तो घरच्या होडीवर गेला की धाकटा तोच बिल्ला घालून कामावर जाई. होडीवर आज घरातला कोण आला हे कुणी विचारत नाही. कामावरही तसेच चालते असे त्यांनी धरले. मुकादमाला ठाऊक होते. त्याला माणूस मिळाल्याशी मतलब.

यंत्राच्या पट्ट्यात उजवा पंजा गेला तो धाकट्याचा. दवाखान्याच्या कागदावर मात्र बिल्ल्यावरचे, म्हणजे थोरल्याचे नाव लागले.

कंत्राटदाराने भरपाई नाकारली. हात गेलेला आमचा माणूस नाही, आणि आमच्या माणसाचे दोन्ही हात शाबूत आहेत, असे त्याचे म्हणणे. त्याच्या हजेरीपटाप्रमाणे त्यात चूक काढता येईना. मी दोघांना घेऊन पालघरला, गिरणीची कामे पाहणाऱ्या वकिलांकडे गेलो.

थोरल्याने वाटेतच उपाय शोधला होता. धाकट्याने कायमचे त्याचे नाव घ्यायचे.

वकिलांनी ऐकून घेतले आणि धाकट्याला विचारले, "मग कागदावर त्याची बायकोही तुझी. चालेल?"

"नेऊ दे," थोरला म्हणाला. "दोन दिसांत परत आनून सोडंल."

अपघातानंतर धाकटा हसलेला मी तेव्हाच पाहिला. वकील हसले नाहीत. खोट्या नावाने दावा करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. खरे नाव लावायचे तर थोरल्याने शपथेवर अदलाबदल कबूल करायची आणि पुरावा म्हणून बिल्ला त्यांच्याकडे ठेवायचा. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून काम बंद. त्या घरात बांधलेला पगार तेवढाच होता.

"नको, दादा," धाकटा म्हणाला. "तुजं काम जाईल."

थोरल्याने बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "बिल्ला माजा हाय. हात त्याचा गेला. लिवा, वकीलसाहेब."

मुकादमाने ठाण्याच्या कोर्टात सगळे नाकारले, म्हणून प्रकरण लांबले. पहिल्या तारखेला धाकट्याच्या खऱ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा तो जागचा हलला नाही. कामावर त्याला थोरल्याच्या नावाला ओ द्यायची सवय लागली होती. थोरल्याने त्याला कोपराने ढोसले, मग तो उठला.

शेवटी भरपाई मंजूर झाली. माझ्या अंदाजापेक्षा कमी. थोरल्याला त्या बांधकामावर पुन्हा कुणी घेतले नाही. दोघेही होडीवर जाऊ लागले. जाळे थोरला ओढी, सुकाणू धाकट्याच्या डाव्या हातात असे.