तिच्या बायकांची कॅसेट

मक्केजवळच्या ताइफमधल्या सरकारी हॉस्पिटलात मी नर्स म्हणून गेले तेव्हा माझी लेक अडीच वर्षांची होती. तिला कुडाळजवळ आईकडे ठेवलं आणि गेले. का गेले, हे सांगायचा आता मला कंटाळा येतो. तेव्हा सगळे ज्यासाठी जात होते त्यासाठीच गेले. तेलाचा पैसा नुसता उतू जात होता. हॉस्पिटलावर नवा मजला चढत होता आणि जुन्या मजल्यावरची यंत्रं अजून खोक्यांतच पडून होती. ती चालवायला आणि पेशंटांना बघायला देशोदेशींच्या नर्सा गोळा केल्या होत्या.

होस्टेलात माझ्या खोलीत सुदानची एक नर्स होती. उंच, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, आणि भलतीच शिस्तीची. नावं मी इथे कुणाचीच सांगणार नाही. तसंही आम्ही एकमेकींना 'सिस्टर'च म्हणायचो. भाषा म्हणजे खिचडी होती: तिची अरबी, माझी वॉर्डात उचललेली अरबी आणि दोघींचं नर्सिंगच्या शाळेतलं इंग्रजी. पण भांडायला ती पुरायची. माझ्या सुक्या बांगड्यावरून ती नाक मुरडायची आणि तिच्या धुपाच्या धुराने मी खोकून खोकून हैराण व्हायचे. दर आठवड्याला आमचं वाजायचं आणि दर आठवड्याला चहावर मिटायचं.

आम्ही दोघीही घरी पत्रं लिहायचो नाही, कॅसेटी पाठवायचो. तेव्हा सगळेच पाठवायचे. तिकडून आलेली कॅसेट ऐकायची, त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरायचं आणि कुणी गावी निघालं की त्याच्या हाती द्यायची. कोऱ्या कॅसेटी संपल्या की दुकानातली गाण्यांची कॅसेट घ्यायचो. तिच्यावर रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून पाठीमागे दोन बारीक भोकं असतात. त्यांवर वॉर्डातली चिकटपट्टी लावली की झालं, गाणी जातात आणि आपला आवाज बसतो. ही युक्ती मला तिनेच शिकवली. तिच्या गावच्या बायकाही असंच करायच्या.

तिच्या गावात सरकारने दवाखाना बांधला होता. बांधला आणि कुलूप घातलं. कंपाउंडर शहरात राहायचा, लहर लागली तर लॉरीने यायचा. सुईण नेमलेली होती म्हणे, पण ती कुणी पाहिली नव्हती. गावच्या मास्तरांनी छान छान भाषेत तीन अर्ज लिहिले आणि तिन्ही कुठल्या तरी टेबलावर गुडुप झाले. मग बायकांनीच ठरवलं, की रोज दोघींनी दवाखान्याच्या दाराशी जाऊन बसायचं. टोपल्या विणायच्या, मुलं खेळवायची, पण उठायचं नाही. कुलूप दिसलं की दाराच्या फटीत खजुराची एक बी टाकायची. कधी काळी दार उघडेल तो माणूस बियांवरच पाय ठेवून आत जाईल, असा त्यांचा हिशेब. बाकीचं सगळं माझी सिस्टर ताइफहून कॅसेटीवर शिकवायची. साहेब आला तर काय मागायचं, कुठलं औषध तिथे असायलाच हवं, पोराला कुठल्या महिन्यात कुठली सुई. आणि दरवेळी शेवटी तेच: "खैरात मागू नका. हक्क मागा." हक्क हा शब्द मला भाषांतर न करता कळायचा.

"तुझं काय जातंय गं एवढं ओरडायला, तू इथे पंख्याखाली," असं मी एकदा तिला चिडवलं. ती हसली नाही. म्हणाली, "माझी धाकटी बहीण रोज तिथे बसते. सातवा महिना आहे तिला."

पुढे एक कॅसेट आली. तिच्यात पाच बायका एकीमागून एक बोलल्या होत्या. कुणाचं मूल हगवणीने गेलं, कुणाचं धनुर्वाताने, आणि त्या वेळी दाराला कुलूप कसं होतं. सगळ्यांत आधी बोलली ती बहीण. सिस्टरने ती कॅसेट एका बैठकीत ऐकली, मध्ये मध्ये थांबवून माझ्यासाठी इंग्रजीत सांगत होती.

त्यानंतर महिनाभरात निरोप आला. बहिणीला कळा लागल्या, तिला खाटेवर घालून दवाखान्याच्या दारात नेलं आणि तिथेच, त्या दारात, ती गेली. बाळही गेलं. सिस्टर दोन दिवस ड्यूटीवर गेली, तिसऱ्या दिवशी ट्रे हातातून पडला आणि मग कुठे ती रडली. मी तिला धरून बसले. मालिश, मालिश, एवढाच अरबी शब्द मला सुचत होता, आणि त्या शब्दाची मला लाज वाटत होती. काही नाही, चालायचंच, असा त्याचा अर्थ.

तिने पाच बायकांची ती कॅसेट परत लावली नाही. तिच्यावर पुन्हा काही भरलं जाऊ नये म्हणून चिकटपट्टी काढून टाकली आणि कॅसेट आपल्या गाण्यांच्या कॅसेटींत ठेवून दिली. मला हे माहीत नव्हतं. मी ती मशीनमध्ये वाजताना ऐकली होती, तिच्या पुठ्ठ्यावर कुणा गवयाचं चित्र आहे हे पाहिलंच नव्हतं.

आता माझा पराक्रम. एका दुपारी आमच्यातली एक नर्स अचानक मुंबईला निघाली आणि माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. सिस्टर ड्यूटीवर. तिच्या फळीवरून मी एक गवई उचलला, मागे पट्टी लावली आणि लेकीशी बोलायला बसले. दहा-बारा मिनिटं बोलले असेन. मग मला असं रडू फुटलं की नुसते हुंदकेच भरले जायला लागले. म्हटलं, हे आईने ऐकलं तर ती तिकडे अन्न सोडेल. नकोच. बंद केलं, पट्टी काढली, गवयाला होता तिथे ठेवला. सिस्टरचं एक गाणं बिघडवलं, जेद्दाला गेल्यावर नवीन आणून देऊ, असं मनाशी ठरवलं. सांगायचं राहून गेलं. राहून कसलं जातंय, तिने माझ्यावर डोळे वटारले असते म्हणून टाळलं.

हजच्या आधी सुदानहून यात्रेकरूंसाठी डॉक्टरांचं पथक जेद्दाला आलं. त्यात तिच्याच भागातला आरोग्य खात्याचा मोठा साहेब होता. तिने कुणाकुणाला गाठून त्याची वेळ मिळवली. शुक्रवारी आमची बस जेद्दाला खरेदीला जायची, त्या बसने आम्ही दोघी निघालो. बसमध्ये आम्ही काही जणी बिगर-मुसलमान होतो म्हणून ती मक्केला बाहेरून वळसा घालून गेली. तो सगळा वेळ सिस्टर मला शिकवत होती: तू नुसती बस, मध्ये बोलू नकोस, तो कागद मागेल तर मी म्हणेन कागद तीन दिलेत, आता कानाने ऐका. माझा टेपरेकॉर्डर तिच्या मांडीवर होता.

बलदमध्ये, म्हणजे जेद्दाच्या जुन्या पेठेत, एका घराच्या वरच्या मजल्यावर पथकाचं ऑफिस होतं. साहेब चांगला वागला. चहा मागवला, खुर्च्या दिल्या. सिस्टर उभ्यानेच बोलली, "यात पहिली बोलते ती माझी बहीण. आता ती नाही." आणि तिने बटण दाबलं.

"गो बाय माझ्या, पेज जेवलंस काय? आजयेक त्रास देव नको हां. मी तुका लाल झगो घेतलंय..."

आई गं! मला आधी कळेचना की हा आवाज कुणाचा. मग कळलं, माझाच; तिच्या फळीवरचा तो गवई हाच होता. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. कुठला पेशंट गेला हे अजून न समजलेल्या नातेवाइकासारखी नुसती बघत होती. साहेबाने विचारलं, "ही कुठली भाषा?" तिने कॅसेट पुढे पळवली. मी. आणखी पळवली. तरी मीच, आता हुंदके देत. शेवटी तिसरी बाई अर्ध्या वाक्यात सुरू झाली, तोवर जुम्म्याची बांग झाली आणि साहेब उठला. "लेखी द्या, मी बघतो," म्हणाला. सिस्टर त्याच्यामागे जिन्यापर्यंत बोलत गेली. बहिणीचं, खाटेचं, कुलपाचं सगळं भराभर सांगत होती. तो वळून म्हणाला, "तू तिथे होतीस का?"

ती तिथेच पायरीवर थांबली आणि तो खाली उतरून गेला.

खाली रस्त्यावर मी तिचे पाय धरायला गेले. तिने मला दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाली, "बसची वेळ झाली." बस सुटल्यावर तिने विचारलं, "तू मुलीला काय सांगत होतीस?" मी सांगितलं. पेज, झगा, आजीला त्रास देऊ नकोस. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं, हिने मला दोन थोबाडीत द्याव्यात. तिने दिल्या नाहीत, आणि त्याचा राग मला अजून येतो.

हज संपल्यावर तिने राजीनामा दिला. करार अर्धा बाकी होता. मी म्हटलं, वेडी आहेस, नवीन कॅसेट मागव, बाकीच्या चौघी आहेत ना बोलायला. ती म्हणाली, "तो बरोबर बोलला. मी तिथे नव्हते. आता मी दारात बसेन." एक्झिट व्हिसा झाला, पेटी भरली. निघायच्या दिवशी सकाळी ती माझ्या खाटेवर येऊन बसली.

"एक विचारायचंय. ती कॅसेट तू माझ्याबरोबर ऐकली होतीस. तिचा आवाज कसा होता?"

"अगं, तू ऐकला होतास की!"

"मी लिहून घेत होते, सिस्टर. कोण आलं, कोण नाही आलं, कुठला दिवस. मी साक्ष ऐकली. बहीण ऐकलीच नाही. तुला शब्द कळत नव्हते, तू आवाज ऐकला असशील. दमल्यासारखी वाटत होती का? हसली का कुठे?"

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. देवाशपथ केला. वाटलं खोटं सांगावं, हो, हसली, गोड आवाज होता. पण तिच्याशी खोटं वागायची माझी एक पाळी होऊन गेली होती.

"मला नाही आठवत," मी म्हटलं. "मी तेव्हा युनिफॉर्मला इस्त्री करत होते."