आईने उतरवून ठेवलेली पाच अक्षरं

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो. बी.एस्सी. झालेला, घरातला पहिला ग्रॅज्युएट... माज होता, खोटं कशाला बोलू.

साल ८६-८७. मुलुंडच्या चाळीत आमची एक खोली. जुना होम कॉम्प्युटर घेतला होता — टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा. कॉलेजचा मित्र सुहास आणि मी मिळून मार्कशीटचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या स्क्रीनवर दोघांची नावं. घाटकोपरच्या एका क्लासला दाखवायचा होता. आवडला तर दोघांपैकी एकाला तिथे नोकरी.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सुहास म्हणाला, "उद्या पूजा ना? कॉम्प्युटर आतून साफ करून देतो." दसऱ्याला आईने त्यावर हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. पूजेच्या दिवशी मशीनला कोण हात लावणार...

दुसऱ्या दिवशी चारला डेमो. सकाळी बटण दाबलं — स्क्रीन काळी. प्लग बदलला, ट्यूनिंग फिरवलं, वायरी हलवल्या. काही नाही.

"कुंकू गेलं रे आत," डेमोला न्यायला आलेला सुहास म्हणाला. "वाट लागली. कॅसेट दे, मी क्लासच्या सरांकडून पुढची तारीख घेतो."

मी कॅसेट त्याच्या हातात दिली आणि आईवर ओरडलो, "तुझ्या कुंकवाने माझी नोकरी घालवली." टीव्ही तसाच चालू ठेवून मी कुर्ल्याला अडॅप्टर शोधायला गेलो.

परतलो तर आई म्हणाली, "अरे, तुझो डबो चालू झालो होतो. नळाक पाणी इला तेव्हा. अक्षरां इली, तुका दाखवूक काढून ठेवलंय."

नळ चारला यायचा. आई अंगठा लावणारी, तिला मराठीही लिहिता येत नव्हतं. कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने वाकडी इंग्रजी अक्षरं — एस, यू, एच, ए, एस. माझं नाव नव्हतं.

मी स्क्रू काढले. आत मुख्य चिपची जागा रिकामी. साफ कोणी केलं होतं, ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांना भेटलो. सुहासने आदल्या दिवशी चारला त्यांच्याच मशीनवर प्रोग्रॅम दाखवला होता. पहिल्या स्क्रीनवर एकच नाव. नोकरी त्याला मिळाली होती.

सुहासचं मला कळतं. चिपशिवाय तो कॉम्प्युटर चालला कसा, हे फिजिक्स शिकूनही आजवर कळलेलं नाही.

पुढच्या दसऱ्याला आईने त्या बंद डब्याला पुन्हा कुंकू लावलं. मी म्हटलं, "मेलाय तो, आई."

"असांदे," ती म्हणाली. "त्येनाच तुका खरा काय ता सांगल्यान."