अक्काची एक फेरी

सकाळपासून हे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, म्हणून इथे लिहितोय.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा सायकल घेतली, तीही चढायला सोपी अशी लेडीज. आज ती चालवत चामराजपुरमहून जयलक्ष्मीपुरमला अक्काकडे गेलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भावजी गेल्यापासून सहा महिने ती फाटकाबाहेर पडली नव्हती.

लहानपणी तिच्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून मी शाळेला जायचो. उतारावर ती पायडल मारायचं सोडून द्यायची, आणि मी तिच्या पाठीला गाल टेकून डोळे मिटायचो. वाटायचं, हा रस्ता संपूच नये.

आज अक्काने हँडलवरून हात फिरवला. "सतीश, सुम्ने," ती सवयीने कानडीत म्हणाली, "उगीच एक राउंड मारू?"

"अक्का, गुडघे? पडलीस तर?"

"पडले तर उचल."

तिने पदर खोचला, दोनदा डगमगली आणि झाडांच्या सावलीतून वळणापलीकडे दिसेनाशी झाली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझा जीव खालीवर. मी शोधायला निघणार, तोच ती आली. पांढरे केस सुटलेले, गाल लाल, डोळे कुठेतरी लांब.

"कुठं होतीस इतका वेळ?"

"कुठंच नाही रे. थांबावंसंच वाटलं नाही." मग हळूच म्हणाली, "उद्या येताना परत आणशील?"

मी सायकल तिथेच ठेवून बसने घरी आलो.

तुम्हाला सायकलवर पहिल्यांदा कुणी बसवलं? त्यांनी स्वतः शेवटची कधी चालवली, विचारलंय कधी?