दुष्काळातलं लॉन

किस्स्यांचं उसाच्या भुश्श्यासारखं असतंय बघा. कारखाना चालू असला की कुनी ढुंकून बघत न्हाई, बंद पडला की ढीगच्या ढीग दिसतो. आमच्या सहकारी साखर कारखान्याची चिमणी यंदा थंड. पाऊस न्हाई, ऊस न्हाई, मग गाळायचं काय? सभासद? म्हनून कॉलनीतल्या आमच्यासारख्या दहावीला लटकलेल्या पोरांना बसायला एकच जागा, गेस्ट हाऊसच्या लॉनची भिंत. तिथून जे दिसलं ते सांगतो. खोटं वाटलं तर वाटू द्या, आमच्यावर तसाबी कुनी इस्वास ठिवत न्हाई!

* * *

पयला किस्सा आमच्यातल्या गोट्याचा. लॉन कापायला चेअरमनसाहेबांनी एक लाल ट्रॅक्टर आनलेला. खेळण्यातला वाटावा एवढा. वर गादीची सीट, खाली फिरतं पातं. चालवायचा नामदेवमामा. माझा सख्खा न्हाई, सगळ्या कॉलनीचाच मामा. डोक्यावरचे केस पिकले, पन हजेरी अजून रोजंदारीवरच. साहेब त्याला म्हनलेले, "नामदेव, उन्हाळाभर लॉन हिरवं ठिवून दाखव, तुला परमनंट करतो." झालं! मामा गवताला पोटच्या पोरावानी जपायचा, आन आमाला ढेकळं मारायचा.

एकदा मामा जेवायला गेलता. चावी ट्रॅक्टरलाच. मी गोट्याला म्हनलं, "एक चक्कर मारून दाखव. न्हाई मारली तर उद्यापासून तू गोट्या न्हाई बे, गोटी!"

गडी भडकला आन चढला! ट्रॅक्टर सुटला तसं त्यानं ब्रेक समजून भलताच दांडा दाबला. तो पातं खाली घ्यायचा. ट्रॅक्टर काय थांबंना, आन पातं पार मुळापर्यंत गेलेलं. लॉनच्या मधोमध, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, टक्कल!

मामा पळत आला. नेमके साहेब गॅलरीत.

"नामदेव, हे काय हाय?"

मामा म्हनला, "साहेब, गवताला भांग पाडलाय. फॉरेनला असाच पाडत्यात."

साहेबांनी मान हालवली. "झकास! मंग कडंला बी एक पाड."

नंतर मामानं आमचे कान पिळले. "माझं काम गेलं ना, तर तुमच्या घरी जेवायला येईन. रोज! बायकोला घेऊन!"

* * *

तो ट्रॅक्टर आनला तवा त्याची पूजा झालती. नारळ, हार, फोटोवाला, सगळं. लांबच्या वस्तीवरला एक म्हातारा सभासद आलता. त्यानं ट्रॅक्टरला दोन फेऱ्या मारल्या, वाकून खालून बघितलं.

"नांगर कुठं जोडायचा?"

गेस्ट हाऊसचा सुपरवायझर म्हनला, "बाबा, ह्याला नांगर न्हाई. हा गवत कापतो."

"बरं. म्हंजी जनावराला घालायला?"

"न्हाई हो. फेकायला."

घरी म्हाताऱ्याची बैलं उसाचं वाळकं पाचट चघळत होती. त्यानं पटका सारखा केला आन म्हनला, "मंग ट्रॅक्टर कशाला म्हनता? सलून म्हना!"

* * *

वार्षिक सभेचा किस्सा तर आख्ख्या तालुक्याला ठाव हाय. मंडपात ऊन मावंना, भोंगा खरखर करतोय, निम्मे सभासद झोपलेले. सेक्रेटरीनं वाचलं, "लॉनसाठी विशेष तरतूद मंजूर करण्यात येत आहे."

एक जन दचकून उठला. "काय म्हनले?"

"लोन! लोन देनार हायेत!"

सगळा मंडप उठून बोंबलला, "मंजूर! मंजूर!" टाळ्या काय, शिट्ट्या काय! साहेबांच्या डोळ्यात पानी आलं. म्हनले, "गवतावर एवढं प्रेम करनारे सभासद म्या बघितले न्हाईत!"

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या दारात ही रांग. क्लार्क म्हनतो, "कसलं लोन?" लोक म्हनत्यात, "सभेत मंजूर झालं की!" शेवटाला सगळा घोळका गेस्ट हाऊसवर आला. सुपरवायझरनं लॉनकडं हात केला.

"हे बघा तुमचं लोन. चपला काढून बघा."

* * *

आता पान्याचं. कॉलनीच्या नळाला नुस्ती हवा. लॉनला मात्र रोज टँकर. फवारा गोल फिरायचा आन निम्मं पानी रस्त्यावर पडायचं. एक दिवस एक काकू आली आन घागर घेऊन रस्त्यावर उभी राहिली. फवारा जिकडं, घागर तिकडं! गरबा खेळल्यावानी.

सुपरवायझर धावला. "ओ बाई, हे पानी प्यायचं न्हाई, गवताचं हाय!"

काकू म्हनली, "मंग आमच्या दारात गवत लावा!"

"नामदेव! हाकल हिला! न्हाईतर तुझी परमनंटची ऑर्डर इसर!"

मामानं एकदा काकूकडं बघितलं, एकदा सुपरवायझरकडं.

"तुमीच हाकला साहेब. मला सांच्याला तिच्याच हातचं जेवायचंय."

* * *

लॉनवर पाटी होती, 'कृपया हिरवळीवर चालू नये'. एका दुपारी कुनीतरी कोळशानं त्यातला एक शब्द बदलला. कोन ते इचारू नका. त्याच दिवशी संचालक मंडळाचं लॉनवर जेवन. मटन, भाकरी, पंगत रंगात. फोटोवाल्यानं छान फोटो काढला. पुढं संचालक, हातात मटनाच्या नळ्या, आन मागं पाटी.

'कृपया हिरवळीवर चरू नये'.

फोटो बघून सगळा बाजार हसला. मामाची मात्र आठवडाभराची हजेरी कापली, पाटीकडं लक्ष दिलं न्हाई म्हनून. आमाला मग हसू आलं न्हाई.

* * *

आता हा शेवटचा.

दुष्काळ बघायला मुंबईहून मंत्री यायचे होते. चहा गेस्ट हाऊसवर. साहेब मामाला म्हनले, "पावने गेले की ऑर्डर तुझ्या हातात. सही झालीय."

सगळा मुलूख भाजलेल्या पापडावानी आन आमचं लॉन पोपटावानी! सुपरवायझर म्हनला, "अजून चमकू दे," आन मामा नको नको म्हनत असताना त्यानं पान्याचा पाईप फिरवला.

मंत्री उतरले. साहेबांनी खुर्ची पुढं केली. ते म्हनले, "खुर्ची कशाला? मी मातीतला मानूस!" आन पांढऱ्याफेक कपड्यात गवतावरच मांडी घातली. चहा झाला. दुष्काळावर बोलनं झालं. उठले.

पुढून मंत्री, मागून पोपट!

गाड्या धुरळा उडवत गेल्या. साहेबांचं तोंड बघवंना. सुपरवायझरनं भिंतीवरनं वढून सरळ माझी कॉलर धरली. "साहेब, हाच कारटा! रंगपंचमीचा रंग हानलाय ह्यानं!"

"आईशप्पथ, मी न्हाई!" जिंदगीत पयल्यांदा खरं बोललो, तर कुनी ऐकंना.

साहेबांनी आवाज खाली घेतला. चहाच्या टेबलावर मामाची ऑर्डर होती, उभ्या पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होती. "नामदेव, तू नुस्तं हो म्हन. ह्यानंच ना? ह्याला चौकीत धाडतो, तू हा कागद घे आन घरी जा."

मामानं कागदाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी त्याचा कोन? रोज ढेकळं खानारा.

"न्हाई साहेब. गवताला रंग मी मारतो. फवारनीच्या पंपानं."

"आन रोज टँकर येत होता, त्याचं पानी कुठं गेलं बे?"

"चारा छावनीतल्या गुरांनी पिलं."

"मंग लॉन?"

मामानं खिशातून ट्रॅक्टरची चावी काढली आन त्या फडफडत्या कागदावर ठिवली.

"ते मरून लई दिवस झाले, साहेब. तुमीच तर रोज सकाळी गॅलरीतनं म्हनत होता, 'नामदेव, यंदा काय लॉन जमलंय!'"