दोन पोत्यांच्या आतला किल्लेदार

आमच्या गावच्या जत्रेत नाटक असतं आणि त्या नाटकात मी मरतो. कैक वर्षं मीच मरत आलोय. नाटक आमच्या निवृत्त मास्तरांनी लिहिलेलं. त्यात एक म्हातारा किल्लेदार आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो छातीत भाला खाऊन पडतो, पडल्या पडल्या दीड पान बोलतो आणि मान टाकतो. मग चार मावळे त्याला खांद्यावर उचलून आत नेतात, ताशा वाजतो, पडदा. कृष्णेच्या दोन्ही काठांवर माझ्यासारखं मरणारा दुसरा माणूस नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघण्याचा माझा स्वभाव नाही.

एरवी माझं पशुखाद्याचं दुकान आहे.

गेल्या जत्रेत घात झाला. दीड पान बोलून झालं, मी मान टाकली, बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. चौघा मावळ्यांनी मला उचललं, दोन पावलं चालले आणि एकाचा गुडघा वाकला. मी फळ्यांवर आदळलो आणि मेलेल्या तोंडानं, अख्ख्या गावासमोर, माइकवर ओरडलो, "आयो गं! मेलो, मेलो!"

पुढं वर्षभर दुकानात येणारं गिऱ्हाईक पेंड मागायच्या आधी विचारायचं, "काय शेठ, मेला का न्हाई अजून?"

यंदाच्या तालमी माझ्या दुकानासमोर सुरू झाल्या तेव्हा मास्तर घसा खाकरत म्हणाले, "किल्लेदार, या वर्षी भूमिका बदलावी म्हणतोय." आणि त्यांनी पतसंस्थेतल्या कारकुनाकडं बघितलं. पोरगा व्यायामशाळेत जाणारा, सडपातळ. मेला तर एका हातानं उचलून न्यावा असा. पण मरणार कसा? त्याला धड आजारी पडता येत नव्हतं, रजेच्या अर्जातसुद्धा.

"मास्तर, माझ्या मरणात काय खोट आहे?"

"मरणात नाही हो. उचलण्यात आहे."

मावळ्यांचा म्होरक्या म्हणजे फौजेतून आलेले आमचे हवालदार. ते पुढं झाले. "शेठ, मी डोंगरावर वायरलेसचा सेट वाहिलाय, जखमी गडी वाहिलाय. पर तुमी लय हाय. आधी उतरा, मग उचलतो."

"किती उतरू?"

त्यांनी दुकानातल्या थप्पीकडं बोट केलं. "दोन पोत्यांच्या आत या."

पोतं पन्नास किलोचं. मी माझ्याच इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढलो. लाल आकडे थरथरले आणि एकशे पाचवर थांबले. बघायला जमलेल्यांतून कुणी तरी म्हणालं, "वर पाटी पेंड फुकट." जत्रेला तीन आठवडे होते.

माझा मेहुणा सांगलीत असतो. वीस वर्षं माझ्या घरी जेवून तृप्तीचे ढेकर दिलेला हा माणूस अलीकडं वेलनेस कोच झालाय. फोन केला, तर दुसऱ्याच दिवशी पावडरीचे दोन डबे, एक पुडा आणि झाकणाची बाटली घेऊन दारात. "दाजी, पंधरा दिवसांचा प्रोग्राम. सकाळी शेक, रात्री शेक, दुपारी एक हलकं ताट. आणि हा शुद्धीचा चहा. शरीरातली सगळी घाण बाहेर."

"सगळी?"

"सगळी. दाजी, लांब कुठं जाऊ नका तेवढं."

शेक आंब्याच्या चवीचा होता. म्हणजे ज्यानं तो बनवला त्यानं आंब्याचा फोटो बघितला असावा. पण आमच्या बायकोनं तो ज्या मायेनं घुसळला, त्यानं चव सुधारली. इतकी सुधारली की मी दुसरा पेला मागायचो. भूक अशी लागायचीच नाही. मी गावभर सांगत सुटलो, "उपाशी राहणं सोपं आहे हो, लोक उगाच बाऊ करतात."

चार दिवसांनी काट्यावर चढलो. एकशे सहा.

मेहुण्याला फोन लावला. आधी त्याच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. तो शांतपणे म्हणाला, "दाजी, पावडर कशात कालवता?"

"दुधात. तूच तर म्हणालास."

"दूध कुठलं?"

"कुठलं म्हणजे? घरचं. म्हशीचं."

"फॅट किती लागतं?"

आता आमच्याकडं हा प्रश्न विचारला की छाती आपोआप फुगते. पोराचे मार्क एक वेळ आठवणार नाहीत, पण डेअरीत आपल्या म्हशीला लागणारं फॅट माणूस झोपेत सांगतो. मी फोन जरा तोंडाजवळ धरून म्हणालो, "साडेआठ. गावात दुसरं नाही."

 पलीकडून आवाज आला, "दाजी, तुम्ही बासुंदी पिताय."

बायकोनं मागून ऐकलं आणि उसळली, "आवं, मग काय पाणी घालू? माझ्या हातनं दुधात पाणी पडलेलं न्हाई कधी! आन वरची साय काय मांजराला घालू?" सायसुद्धा घातली होती तर.

त्या दिवसापासून खरा प्रोग्राम सुरू झाला. दारात दोन म्हशी असलेल्या घरात बिनसायीच्या दुधाची पिशवी विकत आणायची, हे तिला चोरीपेक्षा वाईट. ती पिशवी पदराखाली लपवून आणायची. तरी शेजारणीनं बघितलंच. तिसऱ्या दिवशी डेअरीतला माणूस काळजीनं चौकशीला आला, "शेठ, म्हशी आटल्या व्हय?"

आणि तो चहा! दुकानात गिऱ्हाइकाचं पोतं निम्मं तोलून झालेलं असायचं, आणि मी "आलोच" म्हणून जायचो. लोक सवयीनं माझी वाट बघत बसायचे, गप्पा मारायचे, विकत घ्यायचं नसलेलंही घ्यायचे. त्या पंधरवड्यात धंदा बरा झाला.

सर्वांत अवघड गेली सासुरवाडीची जत्रा. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात गाव. तिथं जत्रेला जाऊन मटण न खाणं म्हणजे सोयरीक मोडणं. पंगत बसली, रश्श्याची वाफ नाकात गेली, शेजारचा नळी फोडतोय, आणि मी बाटली खडखड हलवतोय. चुलतसासूबाई वाढता वाढता थबकल्या. हातातली पळी तशीच.

"आवं जावईबापू, काय झालं वं? मिरजंला डाक्टरला दावलं का?"

"काही नाही मामी, वजन उतरवतोय."

"का? कुणी सांगितलं?"

"नाटकात मरायचंय."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं माझ्या बायकोकडं बघितलं, बायकोनं माझ्याकडं. मी नाटक म्हणजे काय ते समजावून सांगेपर्यंत पंगत उठली. पण गड्या, मी खाल्लं नाही! आयुष्यात एवढं मोठं शौर्य मी स्टेजवरसुद्धा केलेलं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी दुकानासमोर मास्तर, हवालदार, बाकीचे तीन मावळे आणि पतसंस्थेचा कारकून हजर. कारकुनानं दीड पान पाठ केलं होतं म्हणे. मी काट्यावर चढलो.

एकशे एक पूर्णांक दोन.

"चपला काढा," मास्तर म्हणाले. काढल्या. मोबाईल, पट्टा, गल्ल्याच्या किल्ल्यांचा जुडगा, सदरा, सगळं उतरलं. शंभर पूर्णांक एक. मी बनियनवर उभा, पोट आत ओढलेलं, जणू तेवढ्यानं आकडा उतरतो. कारकून मिशीत हसला. त्याला मिशी नव्हती, तरी हसला.

हवालदार म्हणाले, "न्हाई शेठ. शब्द म्हंजे शब्द."

माझ्या डोळ्यांपुढं स्टेज आलं आणि त्यावर तो पोरगा, रजेच्या अर्जासारखा मरताना.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत बायको आली. हातात कप. त्या शुद्धीच्या चहाच्या पुड्यातलं शेवटचं पाकीट तिनं उकळून आणलं होतं. "सगळ्यांनी बसा जरा," ती म्हणाली, "आन ह्यांना वाट सोडा."

मी चहा घेतला. सगळे बसले. मास्तरांनी पेपर उघडला. त्यानंतर काय झालं ते मी सांगत नाही. एवढंच सांगतो की मी गेलो घाईनं आणि परत आलो तो राजासारखा. काट्यावर चढलो.

नव्व्याण्णव पूर्णांक सहा.

गुलालच उधळायचा बाकी होता. मास्तरांनी मला मिठी मारली आणि लगेच सोडली. अंगात ताकद नव्हती. मेहुण्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "दाजी, हे टिकत नाही हां, नीट खाल्लं नाही तर परत चढतं." चढू दे की! मला जत्रेपुरतंच उतरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पडदा उघडला. दुसरा अंक आला. भाला लागला, मी पडलो, दीड पान बोललो. उपासानं आवाज असा खोल गेला होता की माझं मलाच भरून आलं. मान टाकली.  सगळं गाव माना उंचावून एकाच गोष्टीची वाट बघत होतं.

मला ठाऊक नव्हतं ते एवढंच. हवालदारांचा माझ्या काट्यावर विश्वास नव्हता. दुकानदाराचा काटा, म्हणाले नंतर. गेले पंधरा दिवस त्यांनी चौघांकडून फळीवर अडीच पोती घालून उचलायचा सराव करून घेतला होता. त्यांनी "हं!" म्हणून अडीच पोत्यांचा जोर लावला.

मी उडालो. खांदे मागं राहिले आणि किल्लेदार वर गेला. वरच्या पडद्याची झालर माझ्या नाकाला लागली. दात आवळले, पापणी हलू दिली नाही. ताठच्या ताठ खाली आलो आणि चार खांद्यांवर अलगद बसलो. गावाला वाटलं, वीराचा आत्माच निघाला. टाळ्या, शिट्ट्या आणि मागून एक आरोळी, "वन्स मोअर!" मग सगळा मांडव, "वन्स मोअर!"

गाण्याला वन्स मोअर मिळालेला सगळ्यांनी बघितलाय. मरणाला मिळालेला आमच्या मास्तरांनीही बघितला नव्हता. ते विंगेतून हात जोडून म्हणाले, "किल्लेदार, परत मरा!"

मी उठलो, प्रेक्षकांना मुजरा केला, भाला परत छातीला लावला आणि पहिल्यापासून दीड पान म्हटलं. मान टाकली. चौघे वाकले. हवालदार माझ्या कानाशी पुटपुटले, "शेठ, अंदाज आला आता. हळू उचलतो."

मी ओठ न हलवता म्हणालो, "खबरदार! तसंच उचल."