लोणीकाकांची लांबी

लोणीकाका धनुष्यं बनवायचे आणि ती इतकी गुळगुळीत, की लोक त्यांचं खरं नाव विसरून गेले होते. काही लाकडं कितीही तासली तरी त्यांच्या अंगावर बारीक उघडी छिद्रं राहतात. वरून पॉलिश चोपडलं तर ते आत जाऊन बसतं आणि अंग खरबरीतच राहतं. म्हणून आधी लांबी भरायची. त्याच लाकडाची भुकटी लाखेत कालवायची, पट्टीनं रेषांना आडवी ओढून दाबून बसवायची आणि वाळली की काचकागदानं घासायची. मग काका कापसाचा बोळा धनुष्यावरून फिरवत. एक तंतू जरी अडकला, तरी पुन्हा पहिल्यापासून.

लाकूड कापणं, तासणं, वाकवणं, दोरी चढवणं हे सगळं त्यांची मुलगी करायची. लांबी मात्र काकांचीच. "तुझे हात अजून घाईचे आहेत," असं ते तिला बारा वर्षं सांगत आले होते. त्या बारा वर्षांत तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली, मुलं शाळेतही जायला लागली, पण काकांच्या मते तिची घाई काही संपली नव्हती.

खरी गोष्ट अशी, की काकांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ते दोनच लाकडं वापरत, गडद अक्रोड आणि एक उजळ लाकूड; दोन्ही त्यांना सारखीच धुरकट दिसत. डॉक्टरचं नाव काढलं, की त्यांना हटकून एखादं तातडीचं काम आठवायचं. ऑपरेशनला ते भीत नव्हते. एकदा दिसत नाही म्हणून कबूल केलं की पट्टी हातातून जाईल आणि आपण खिडकीत बसून येणारी-जाणारी माणसं मोजत राहू, ही खरी भीती होती.

म्हणून त्यांनी युक्ती केली. भुकटीच्या डब्यांच्या झाकणांवर चाकूनं खाचा पाडल्या. एक खाच म्हणजे उजळ लाकूड, दोन म्हणजे अक्रोड. अंगठा फिरवला की काम झालं. लाखेच्या वासापुढे नाकाचं काही चालत नसे, पण अंगठा कधी चुकला नाही.

डबे पुसताना मुलीला त्या खाचा सापडल्या. बापाला बोलून पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण तीही त्यांचीच मुलगी. एका सकाळी तिनं गुपचूप दोन झाकणं बदलून टाकली. धनुष्य न्यायला गिऱ्हाईक परवा येणार होतं. तोवर बापाला त्याची चूक दाखवायची, डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं आणि लांबी उकरून पुन्हा भरायची, असा तिचा बेत होता.

काकांनी अंगठ्याच्या भरवशावर धनुष्य भरलं. पण ते न्यायला तिरंदाजी शिकवणाऱ्या बाई एक दिवस आधीच उगवल्या. त्यांनी धनुष्य दाराच्या उजेडात धरलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"काका, हे काय केलंत?"

बाईंना काय दिसतंय, ते काकांना कळेना. पण आपण होऊन काही कबूल करायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय.

"केलंय खरं," ते म्हणाले. "बरेच दिवस डोक्यात होतं."

मुलीला ठसका लागला.

"अहो, एकेक रेष उठून दिसतेय," बाई म्हणाल्या. "आमच्या मुलींच्या संघाला अशीच आणखी सहा द्या."

"सहा ना? त्यात काय."

बाई गेल्या. आता सहा बनवायची होती आणि काय बनवायचंय ते खुद्द बनवणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. काकांनी बराच वेळ रिकाम्या हातावर अंगठा घासला. मग हळूच म्हणाले, "काय झालं होतं गं त्या धनुष्याला?"

मुलीच्या ओठांवर सकाळपासून टोमणा तयार होता. तो तिला मारवेना. कामातली गोष्ट बापानं तिला आजवर कधी विचारली नव्हती.

"मी झाकणं बदलली होती. उजळ लाकडात तुम्ही अक्रोडाची लांबी भरलीत, बाबा."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"दोन वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"ऐकलं असतंत?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं," ते म्हणाले. मग विचारलं, "दिसतं कसं ते?"

"ते तुमचं तुम्हीच बघा."

सहातलं पहिलं काकांनी तसंच, मुलीनं हातात दिलेल्या डब्यातून भरलं आणि मग मुकाट्यानं दवाखान्यात गेले. ऑपरेशन होऊन परत आले ते थेट कारखान्यात. भिंतीवर टांगलेलं ते पहिलं धनुष्य काढून त्यांनी उजेडात धरलं. उजळ अंगावर टोकापासून टोकापर्यंत काळ्या रेघा.

"हे असलं बटबटीत कुणी केलं?"

"तुम्ही."

"आणि बाईंना हे आवडलं?"

"सहा मागितलीत."

काकांनी धनुष्य खाली ठेवलं. लांबीची पट्टी उचलली, सदऱ्याला दोन्ही बाजूंनी पुसली आणि मुलीच्या हातात दिली.

"उरलेली पाच तू भर. मला बघवत नाहीत."

ती भरत, वाळवत, घासत गेली. काका शेजारी कापसाचा बोळा घेऊन तंतू अडकण्याची वाट पाहत बसले. तिसऱ्या धनुष्यापर्यंत एकही अडकला नाही, तेव्हा त्यांनी कापूस बदलून पाहिला.